घरी क्लाइंबिंग वॉल बांधतोयस? आधी कोन ठरव

४० अंशांच्या ओव्हरहँगच्या (चढणाऱ्याच्या अंगावर झुकलेल्या भिंतीच्या) नादी लागू नकोस. स्नायू लवकर बळावतात, बोटांच्या कंडरांना मात्र फार वेळ लागतो. सुरुवातीला २० अंश पुष्कळ. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कातळावर आधी पायच कामी येतात, आणि पाय वापरायची सवय कमी कोनातच लागते.

प्लाय १८ मिमीचा, वॉटरप्रूफच घे. नाशिकच्या पावसात गच्चीवरचा साधा प्लाय फुगतो. एम१० टी-नट (पकडींचे १० मिमीचे बोल्ट ज्यात बसतात ते) साधारण २० सेंमीवर, फ्रेमला प्लाय लावण्याआधीच मागून ठोक. नंतर हात पोहोचत नाही. अर्ध्या विटेच्या पार्टिशनला बोल्ट नको, फ्रेम स्वतःच्या पायांवर उभी कर. (खालच्या मजल्यावरच्या काकांना आधीच सांगून ठेव, धपधप त्यांनाच ऐकायचीये.) गाद्या जाड हव्यात, मध्ये फट नको. घोटा तिथेच मुरगळतो.