परसातले सुरू तोडवत नाहीत

प्रश्न : आम्ही मूळचे काशीदचे. फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावर घर घेतलं आहे. परसात सुरूची मोठी झाडं आहेत. गावाची आठवण म्हणून ती ठेवावीशी वाटतात, पण शेजारी म्हणतात, काढा आणि इथली झाडं लावा. एवढं गरजेचं आहे का?

उत्तर : हो, काढाच. सुरूच्या बनातल्या वाऱ्याचा आवाज मलाही फार प्रिय आहे, त्यामुळे तुमचा जीव का अडकतो ते कळतं. पण एकदा त्या झाडांखाली वाकून बघा. वाळलेल्या काड्यांचा जाड थर असेल आणि त्यातून वर आलेलं स्थानिक रोप क्वचितच दिसेल. पुळणीलगत सुरू असला की लॉगरहेड कासविणीला अंड्यांसाठी खड्डा करताना त्याची मुळं आड येतात. शिवाय ही मुळं वरवरचीच. २००४ च्या चार्ली वादळात पेरिविंकल वे या तिथल्या मुख्य रस्त्यावर हीच झाडं आडवी झाली होती.

सॅनिबेलच्या रहिवाशांनी १९७४ मध्ये स्वतंत्र शहर स्थापन केलं ते बेसुमार बांधकामाला आळा घालण्यासाठीच. त्यामुळे आधी नगरपालिकेत विचारा. जवळपास गोफर कासवाचं बीळ असेल तर तेही सांगा. त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि त्या बिळात इतर कितीतरी जीव आसरा घेतात.

कुंपणाशी लाल फळांच्या घोसांचं झुडूप आहे का? तो बहुधा ब्राझिलियन पेपर. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातला, चीक अंगावर उततो. नुसता छाटलात तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. कापल्याबरोबर बुंध्याला तणनाशक लावावं लागतं, म्हणून जाणकार माणूसच बोलवा.

मोकळ्या जागेत सी ग्रेप, गम्बो लिम्बो, सेबल पाम लावा. आणि माझ्या आग्रहाखातर कृष्णकमळाच्या कुळातला तिथला बारीक फुलांचा एक वेल लावा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं झेब्रा लाँगविंग फुलपाखरू अशाच वेलांवर अंडी घालतं. सुरवंट पानं कुरतडतील, तेव्हा फवारणी अजिबात करू नका.

घर समुद्राकडे असेल तर मे ते ऑक्टोबर बाहेरचे दिवे मंद, अंबर रंगाचे आणि खाली तोंड केलेले ठेवा. पांढऱ्या उजेडाने समुद्री कासवांची पिल्लं समुद्राऐवजी घराकडे वळतात.

लागवड जूनमध्ये करा. पाऊस तिथेही त्याच सुमाराला लागतो, पाणी घालायचं काम बरंच वाचेल.