एकच रेपो दर, दोन जिल्हे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मी दोनदा वाचला. चलनविषयक धोरणाचा परिणाम देशाच्या सर्व भागांवर सारखा होत नाही हे तुझे गृहीतक मला मान्य आहे. पण राज्यांच्या सरासऱ्यांची तुलना करून तो फरक हाती लागेल, असे मला वाटत नाही. महाराष्ट्राचे कर्ज-ठेव गुणोत्तर, म्हणजे ठेवींच्या तुलनेत दिलेल्या कर्जांचे प्रमाण, मोठे दिसते, कारण बड्या कंपन्यांची कर्जे मुंबईच्या शाखांत मंजूर होतात आणि त्यातली कितीतरी रक्कम परराज्यातल्या कारखान्यांत खर्च होते. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत कर्जमंजुरीचे ठिकाण आणि विनियोगाचे ठिकाण हे दोन रकाने आधी वेगळे कर.

त्यानंतर दोनच जिल्हे घे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीची कर्जे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे आणि लघुउद्योगांची कर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, बहुधा रेपोशीच, जोडलेली असल्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या पिंपरी-चिंचवडच्या सुट्या भागांच्या कारखानदाराचे व्याज काही महिन्यांतच वाढते. शिवाय त्याचा माल ज्या गाड्यांत बसतो त्याही पुष्कळदा कर्जावरच विकल्या जात असल्याने त्याच्या मागणीलाही झळ पोहोचते.

यवतमाळच्या कापूस उत्पादकाचे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मात्र ७ टक्क्यांचे, आणि वेळेवर फेडल्यास केंद्राच्या सवलतीमुळे ४ टक्क्यांचे. रेपो वाढत असताना हा दर जागचा हलला नाही. जो थकबाकीदार झाल्यामुळे सावकाराच्या दारात उभा आहे, त्याच्या व्याजाला तर रेपोचे सोयरसुतकच नाही. २०२५च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला, तेव्हाही त्याच्या वाट्याला काही आले नाही, ही गोष्ट मला फार सलते आणि तुझ्या प्रबंधात ती ठळकपणे यावी असे वाटते.

एवढ्यावरून धोरण यवतमाळपर्यंत पोहोचतच नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. दिवाळीनंतर कापूस बाजारात येतो तेव्हा जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारे कारखानदार, बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, खरेदी करतात. व्याज महागले की साठा धरून ठेवणे त्यांना परवडत नाही, ते हात आखडून खरेदी करतात, आणि शेतकऱ्याच्या कर्जाला न लागलेला दर त्याच्या कापसाच्या भावाला लागू शकतो. कापसाचा भाव जागतिक बाजार आणि हमीभाव यांवरही ठरत असल्यामुळे हा धागा वेगळा काढणे कष्टाचे आहे. तुझ्या आराखड्यात त्याची जागा मात्र रिकामी आहे. येत्या हंगामात यवतमाळला जाऊन जिनिंगवाल्यांच्या खरेदीच्या वह्या आणि बँकेचे व्याजदर तारीखवार उतरवून आण. पुढचे प्रकरण आपण त्यावर बसून लिहू.