बाबांना भेटून आलेला मुलगा गप्प का बसतो?

ताई,

तुम्ही खानापूर तालुक्यातील माहेरी राहता, आठ वर्षांचा मुलगा दर दुसऱ्या रविवारी कोल्हापूरहून येणाऱ्या वडिलांना बेळगावात भेटतो आणि परतल्यावर नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. म्हणून या भेटी काही महिने थांबवाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

थांबवू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. तुमच्याच पत्रात आहे की, तो उंबरठ्यात पाऊल टाकताच आजी विचारते, "काय खायला घातलं? आमच्याबद्दल काय म्हणाले?" मजा आली म्हणावे तर आई दुखावेल आणि नाही म्हणावे तर बाबांशी खोटेपणा होईल, अशा कात्रीत सापडलेले मूल गप्प बसते. आजी काळजीपोटीच विचारते, यात शंका नाही. तरीही तिला तुम्हीच समजावले पाहिजे. तो आला की हातपाय धुऊन त्याला खेळायला जाऊ द्या, आणि त्याने आपणहून बाबांचा विषय काढला तर, मनाला कितीही लागले तरी, शेवटपर्यंत ऐकून घ्या. पोटगीचे निरोप मात्र त्याच्याकरवी कधीही धाडू नका.

मारहाण, दारू किंवा मुलाला परत न पाठवण्याची धमकी असे काही त्याच्या बोलण्यातून कळले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि देखरेखीखालील भेटीची मागणी न्यायालयाकडे करता येते. तुमच्या पत्रात तसे काहीही नाही.

यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले की, आई आणि वडील या दोघांचेही प्रेम व सहवास मिळणे हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, आणि पालक वेगवेगळ्या राज्यांत राहत असतील तर मूल ज्याच्याजवळ नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे. आपल्या सीमाभागात तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद होतात आणि ठरलेला रविवार हुकतो. अशा वेळी तर हा फोन फार मोलाचा ठरतो. तो बोलत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत जावे, एवढीच विनंती.

वडील त्याला दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर कोल्हापूरला नेऊ इच्छितात आणि तुम्हाला शाळा बुडण्याची धास्ती वाटते. ती रास्त आहे, कारण महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी मोठी असली तरी कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी दसऱ्यालाच मिळते. म्हणून नकार कळवण्याऐवजी शाळेचे सुट्ट्यांचे पत्रक त्यांना आताच पाठवा आणि दसऱ्याचे दिवस सुचवा, म्हणजे त्यांनाही कामावर रजा मागायला वेळ मिळेल.