गिटारच्या तारांचे अर्थिंग तुटले तर

प्रश्न : मी मालवणात राहतो आणि गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या जुन्या गिटारचे वायरिंग मी स्वतः बदलले. परंतु मागच्या खळग्यात स्प्रिंगा अडकवलेली जी लोखंडी पट्टी असते, तिच्यावर काळी वायर 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने काही केल्या धरत नाही. अँप लावला की सतत घूंऽऽ असा आवाज येतो. तारांना हात लावून काही फरक पडत नाही, जॅकच्या (केबल खुपसतो त्या खाचेच्या) धातूला बोट लावले की तो कमी होतो. वायर स्प्रिंगला नुसती गुंडाळली तर चालेल का? एका मित्राने अँपच्या प्लगमधील अर्थची पिन काढून टाकायला सांगितले आहे. – एक वाचक

उत्तर : आपण केलेल्या निरीक्षणातच दोषाचे ठिकाण आले आहे. घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आपले शरीर झेलते आणि पिकअपपर्यंत, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय भागापर्यंत, पोहोचवते. तारा अर्थला जोडलेल्या असल्या, तर त्यांना हात लावताच शरीरही अर्थला बांधले जाते आणि आवाज उतरतो. जॅकला बोट लावल्यावर हे घडते आणि तारांना लावल्यावर घडत नाही, याचा अर्थ जॅकपासून पट्टीपर्यंतचा दुवाच तुटलेला आहे.

पट्टी जाड असल्यामुळे ती उष्णता ओढून घेते आणि 25 वॉटचे आयर्न तिथे अपुरे पडते. स्प्रिंगला वायर गुंडाळणे मात्र टाळावे. स्प्रिंग सतत हलते, आणि आपल्या खाऱ्या हवेत असा सैल जोड लवकर गंजतो. त्यापेक्षा वायरच्या टोकाला एक छोटा गोल लग (भोक असलेली धातूची चकती) टेबलावरच सोल्डर करा. तो पातळ असल्याने आपले आयर्न पुरेसे आहे. मग गिटारच्या तारा सैल करा, पट्टीच्या दोन स्क्रूंपैकी एक किती फेरे फिरवला ते मोजत काढा, स्क्रूच्या डोक्याखालची जागा पॉलिश पेपरने लखलखीत घासा, लग तिथे बसवा आणि स्क्रू तितकेच फेरे आत घाला. स्प्रिंगांच्या ताणाने लग आपोआप घट्ट दाबला जातो. ही तात्पुरती सोय नव्हे; सोल्डरइतकाच हा जोड भरवशाचा आहे असे मी मानतो.

पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरही हीच अडचण येईल. तिथेही आधी घासून घ्यावे, राळेच्या गाभ्याची सोल्डर वापरावी आणि तीन-चार सेकंदांत काम उरकावे. जास्त तापल्यास आतला कार्बनचा पट्टा बिघडतो. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट अजिबात लावू नये, ती पुढे तांबे खाते. शेवटी मल्टिमीटरची एक पिन जॅकच्या बाहेरच्या भागाला आणि दुसरी तारेला लावून बघा. आकडा एक-दोन ओहमच्या आत हवा आणि ट्रेमोलोची (सूर हलवण्याची) दांडी दाबल्यावर तो उडता कामा नये. तो उडाला तर स्प्रिंग, तिचे दुसरे टोक अडकते तो ठोकळा, तारा टेकतात तो ब्रिज असे पुढे पुढे सरकत गंज कुठे आहे ते शोधा.

मित्राचा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अँपच्या धातूच्या सांगाड्याला आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या पिनला जोडलेल्या असतात. ती पिन काढली आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर 230 व्होल्ट थेट आपल्या बोटांखाली येतात. दुसरा हात किंवा ओठ माइकला लागले तर वीज छातीतून जाते. भाद्रपदात मंडपाची जमीन ओली, विजेची जोडणी लांबून ओढलेली, अशा वेळी तर हा धोका आणखी वाढतो. गिटारच्या आत आपण हवी ती युक्ती करा. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये युक्ती चालत नाही. मंडपाच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि अर्थ खरोखर जोडलेला आहे का, हे वायरमनकडून तपासून घेतल्यावरच अँप लावा.

जोड पूर्ण झाल्यावरही सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची थोडी गुणगुण राहीलच. उभे राहण्याची दिशा बदलली की ती कमी-जास्त होते, आणि तो आपल्या कामातला दोष नाही. लग घट्ट बसल्यावर त्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, म्हणजे समुद्राची हवा जोडाला लवकर लागणार नाही.