व्हिडिओ गेममधली सर्वांत ओळखीची चिन्हं कोणती, आणि ती भिंतीवर व रांगोळीत कशी काढावीत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: कॉलेजच्या गॅदरिंगला गेमिंगची थीम आहे, स्टॉलमागची भिंत सजवायची आहे, दाराशी रांगोळी घालायची आहे, आणि चिन्हं अशी हवीत की खेळणाऱ्यांना आणि न खेळणाऱ्यांनाही लांबून कळावीत. माझी निवड या क्रमाने: पॅकमन, स्पेस इन्व्हेडर्सचा खेकडा, प्लेस्टेशनची चार बटणं, टेट्रिसचे ठोकळे, माइनक्राफ्टमधल्या क्रीपरचं तोंड आणि मारिओचा प्रश्नचिन्हाचा ठोकळा. झेल्डा या खेळातला ट्रायफोर्स, म्हणजे तीन त्रिकोणांचं चिन्ह, दिसायला देखणा आहे, पण खेळलेल्यांनाच कळतो, म्हणून त्याला कोपरा द्या.

आधी एक गोष्ट, कारण बहुतेक सजावटी तिथेच फसतात. यातली बरीच चिन्हं मोजक्या घरांत आणि दोन-तीन रंगांत बसवलेली आहेत. त्या काळी यंत्राची ताकदच तेवढी होती. चित्र 'छान' दिसावं म्हणून कडा गोल केल्या, सावली दिली, एखादं घर वाढवलं की ओळख जाते. घरं मोजा, तेवढीच भरा, सुधारणा करू नका.

स्पेस इन्व्हेडर्सपासून सुरुवात करतो, कारण त्यात चुकायला सर्वांत जास्त वाव आहे. टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये केलेला हा खेळ. त्यात तीन जातींचे शत्रू आहेत, त्यांतला मधला, खेकड्यासारखा, जगभर चिन्ह म्हणून चालतो. तो ११ घरं रुंद आणि ८ घरं उंच. डावीकडून १ ते ११ असे रकाने मोजून ही घरं भरायची:

ओळ १: ३ आणि ९
ओळ २: ४ आणि ८
ओळ ३: ३ ते ९
ओळ ४: २, ३, मग ५, ६, ७, मग ९, १०
ओळ ५: सगळी, १ ते ११
ओळ ६: १, मग ३ ते ९, मग ११
ओळ ७: १, ३, ९, ११
ओळ ८: ४, ५, ७, ८

एकूण ४६ घरं. ३ इंची स्टिकी नोट वापरल्या तर चित्र ३३ बाय २४ इंचांचं होतं, आणि १०० कागदांच्या एका गठ्ठ्यात दोन खेकडे होऊन वर ८ कागद उरतात. डोळे म्हणजे चौथ्या ओळीतली रिकामी ४ आणि ८ नंबरची घरं, त्यांत वेगळं काही काढू नका. वर दिलेली मुद्रा हात खाली असलेली आहे. खेळात दुसरी, हात वर केलेली मुद्राही आहे आणि दोन्ही आलटून पालटून दिसतात. नेटवरची दोन चित्रं समोर ठेवून एकातले हात आणि दुसऱ्यातले पाय घेतले की काहीतरी बिघडलेलं जाणवतं, पण काय ते सापडत नाही. रंग काळ्यावर पांढरा किंवा हिरवा. मूळ खेळाचा पडदा कृष्णधवल होता, रंग दिसायचे ते त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. त्यामुळे एकाच खेकड्यात तीन रंग भरायचा मोह टाळा.

क्रीपरचं तोंड त्याहून सोपं, ८ बाय ८. वरच्या दोन ओळी नुसत्या हिरव्या. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत २, ३, ६, ७ ही घरं काळी, हे डोळे. पाचवीत ४ आणि ५. सहावी आणि सातवी दोन्हींत ३ ते ६. आठवीत फक्त ३ आणि ६. म्हणजे २० काळी, ४४ हिरवी. तोंडाची टोकं खालच्या कडेला टेकलेली असतात. खाली एक हिरवी ओळ वाढवली की चेहरा रडका होण्याऐवजी मिशीवाला दिसतो. हिरवा मात्र एकच नको, दोन-तीन छटा इकडेतिकडे विखरा, नाहीतर लांबून हिरवा पाट ठेवल्यासारखं वाटतं. हा प्राणी मुळात चुकीतून जन्मला: डुक्कर बनवताना लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट पडले आणि उभा, बिनहाताचा जीव तयार झाला.

पॅकमनला घरं मोजायची गरज नाही. पिवळं वर्तुळ, त्यातून पिझ्झाच्या तुकड्याएवढा भाग काढलेला. नामकोच्या तोरू इवातानी यांचा हा खेळ १९८० चा. आकार पिझ्झावरून सुचल्याची गोष्ट सगळे सांगतात. स्वतः इवातानी तिला अर्धीच खरी मानतात, दुसरा अर्धा भाग म्हणजे 'तोंड' या अर्थाचं चौकोनी जपानी अक्षर, गोल केलेलं. तोंडाचा कोन ६० ते ९० अंशांत ठेवा, त्यापेक्षा लहान केला तर लांबून नुसता लाडू दिसतो. डोळा काढू नका, खेळातल्या पॅकमनला डोळा नाही.

खरी चूक होते ती भुतांची जागा ठरवताना. चार भुतं: लाल ब्लिंकी, गुलाबी पिंकी, आकाशी इंकी, नारिंगी क्लाइड. रंगीत भुतं पॅकमनचा पाठलाग करतात, म्हणजे ती त्याच्या पाठीमागे हवीत. पॅकमनचं उघडं तोंड भुतांच्या दिशेने असेल आणि ती पळत असतील, तर ती चारही गडद निळी हवीत, कारण मोठा ठिपका खाल्ल्यावरच ती खाण्याजोगी होतात आणि तेव्हा रंग बदलतात. तोंडापुढे पळणारी रंगीबेरंगी भुतं काढली तर खेळणारा मनुष्य स्टॉलवर येऊन आधी तेच सांगेल. भुतांची बुबुळंही ती ज्या दिशेने निघाली आहेत तिकडेच.

प्लेस्टेशनची चार चिन्हं: वर हिरवा त्रिकोण, उजवीकडे लाल वर्तुळ, खाली निळी फुली, डावीकडे गुलाबी चौकोन. यंत्र जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला आलं, चिन्हं डिझायनर तेइयू गोतो यांची. त्रिकोण म्हणजे नजरेची दिशा, चौकोन म्हणजे कागद, वर्तुळ 'हो' आणि फुली 'नाही', असा त्यांचा हिशेब होता. आपल्यालाही हे लगेच पटतं, वहीत फुली पडली की उत्तर चूक. पण पाश्चात्त्य देशांत फुलीच 'हो'चं बटण झाली, आणि २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आल्यावर जपानमध्येही तोच नियम आला. फुली-गोळा खेळत वाढलेल्या माणसाला हा उलटा कारभार वाटतो खरा, पण स्टॉलवर 'सुरू करा' अशी पाटी लावणार असाल तर तिच्याशेजारी फुलीच काढा.

काढताना चारही चिन्हं पोकळ ठेवा, नुसत्या रेषेची, आणि रेषेची जाडी सगळीकडे सारखी. त्रिकोण बाकीच्यांइतकाच उंच काढला तर तो लहान भासतो, कारण वर निमुळता होतो. त्याला थोडा मोठा करून मगच रेषा पक्की करा.

याच ओघात अक्षरांच्या बटणांचं बघून घ्या. निन्टेंडोच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे आणि बी खाली, एक्सबॉक्सवर ए खाली आणि बी उजवीकडे. निन्टेंडोत एक्स वर आणि वाय डावीकडे, एक्सबॉक्समध्ये नेमकं उलट. एकाचे रंग आणि दुसऱ्याची मांडणी असा कंट्रोलर भिंतीवर दिसला की जाणकारांची करमणूक होते.

टेट्रिस. अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत लिहिलेला खेळ. ज्या संगणकावर लिहिला त्याला चित्रं दाखवता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या खुणांनी बनवलेले होते. सात आकार, प्रत्येकी चार घरं. आजचे ठरलेले रंग असे: सरळ पट्टी आकाशी, चौकोन पिवळा, आणि इंग्रजी अक्षरांसारखे दिसणारे बाकीचे पाच: टी जांभळा, एस हिरवा, झेड लाल, जे निळा, एल नारिंगी. अनेकजण सातही आकार एकेकदा घेऊन २८ घरांचा, ४ बाय ७ चा फलक जुळवायला बसतात आणि तासभर घालवतात. तो जुळतच नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं कल्पून बघा: आयतात १४ काळी, १४ पांढरी. सहा आकार दोन-दोन घरं व्यापतात, पण टी तीन एका रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाचं घेतो. बेरीज १५ आणि १३ होते. आयत हवाच असेल तर टीची संख्या सम ठेवा. पण मी म्हणेन आयत नकोच. खेळात भरलेली ओळ गायब होते, त्यामुळे तळाशी पूर्ण भरलेली ओळ दाखवणं हीच चूक. प्रत्येक ओळीत एखादी फट ठेवा आणि वरून सरळ पट्टी उतरताना दाखवा. बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे येतो.

प्रश्नचिन्हाचा ठोकळा भिंतीवर रंगवण्याऐवजी पुठ्ठ्याचं खोकं सोनेरी-पिवळं करून दोऱ्याने टांगा. प्रत्येक बाजूला मधोमध प्रश्नचिन्ह, चार कोपऱ्यांत चार ठिपके. मारिओ तो डोक्याने नाही, मुठीने फोडतो, म्हणून हात उंच केल्यावर पोचेल एवढ्या उंचीवर टांगलात तर फोटो काढायला रांग लागेल. खुद्द मारिओ काढणार असाल तर १९८५ च्या खेळातला घ्या: १२ बाय १६ घरं, तीनच रंग, टोपी आणि डांगरी लाल, सदरा आणि केस तपकिरी. निळी डांगरी नंतरची, ती या चौकटीत घालू नका. मिशी मात्र चुकवू नका. इतक्या कमी घरांत ओठ काढणं जमत नव्हतं म्हणूनच ती आली, आणि केस टाळायला टोपी.

ट्रायफोर्ससाठी तीन त्रिकोण वेगवेगळे काढू नका, ते कधीच सारखे येत नाहीत. एकच मोठा समभुज त्रिकोण, बाजू ६० सेंमी असेल तर उंची ५२. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा आणि मधला उलटा त्रिकोण रिकामा सोडा.

आता साहित्य. स्टिकी नोटला गोंद फक्त वरच्या कडेला असतो, पंख्याखाली खालची टोकं वळतात, आणि चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर त्या दुपारपर्यंत गळतात. आधी काळा कार्डशीट भिंतीला लावा, त्यावर नोट ग्लू-स्टिकने चारही कोपऱ्यांना चिकटवा.

रांगोळीत ठिपक्यांचा घोळ होतो. ११ बाय ८ घरांसाठी १२ बाय ९ ठिपके लागतात, कारण ठिपके घरांचे कोपरे आहेत. ११ बाय ८ ठिपके घातले तर खेकड्याचा एक हात आणि पायांची ओळ गायब. ठिपक्यांच्या कागदावरची भोकं जवळजवळ असतात, त्यामुळे एक घर म्हणजे दोन किंवा तीन भोकं असं आधीच ठरवा. घरं भरायला १० सेंमीचं चौकोनी भोक पाडलेला पुठ्ठा आणि चहाची गाळणी पुरते. पुठ्ठा सरळ वर उचला, सरकवला की कड फिस्कटते. पिवळा, पांढरा, आकाशी आधी भरा, काळा सर्वांत शेवटी. काळ्याची भुकटी उडून पिवळ्यावर बसली की पॅकमन मळका दिसतो आणि तो झटकून साफ होत नाही. सगळं झाल्यावर पंधरा फुटांवरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो नखाएवढा करून बघा. त्या आकारात जे ओळखू येत नाही, तेवढंच दुरुस्त करा.