अँटिबायोटिक रेझिस्टन्सवरच्या संशोधनात पोट भरतं का?

तुमची मुलगी सांगलीत बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला या विषयात, म्हणजे जिवाणू अँटिबायोटिकला दाद देईनासे का होतात यावर, संशोधन करायचंय आणि तुम्हाला तिच्या भवितव्याची काळजी आहे, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं.

पोट भरतं, पण उशिरा. मी मिरजेचाच, याच विषयात पीएच.डी. केलेला. एम.एस्सी., नेट-जेआरएफ (संशोधनासाठी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा), मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये मिळतात, त्यामुळे घरी हात पसरावा लागत नाही. पर्मनंट नोकरी मात्र तिशीनंतर, तीही लागली तर. तिच्या लग्नाची घाई असेल तर हे आधीच बोलून घ्या.

नवीन औषध शोधायचं म्हणून ती येत असेल तर तिला थोडं सावध करा. बीपीची गोळी जन्मभर चालते, अँटिबायोटिक आठवड्यात संपतं. शिवाय नवं जालीम औषध डॉक्टर अगदी शेवटच्या रुग्णासाठी राखून ठेवतात. धंदा होणार कसा? बऱ्याच मोठ्या कंपन्या यातून कधीच बाहेर पडल्या. आमच्यातले बहुतेक जण जिवाणू औषधाला चकवतात कसे, एवढंच शोधत असतात.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचंच घ्या. बाकी काही चालेना की आयसीयूत हे देतात. जिवाणूला त्याच्यापासून वाचवणारा एमसीआर-1 हा जीन चीनमध्ये सापडल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. तो प्लाझ्मिडवर, डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर असतो, म्हणजे एक जिवाणू तो शेजारच्याला सरळ देऊन टाकतो. डुकरांमध्येही तो सापडला होता. भारताने 2019 मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. आता गंमत अशी, की याचा रेणू मोठा, अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही. त्यामुळे नेहमीसारखी औषधाची डिस्क लावून तिच्याभोवती जिवाणू न वाढलेला झोन मोजला तर निकाल फसवा येतो. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पातळ द्रावणात) औषधाचं डायल्यूशन करत बसावं लागतं, आणि कोलिस्टिन प्लास्टिकलाही चिकटतं! अशा भानगडीत आठवडा घालवूनही जिची झोप उडत नाही, तिच्यासाठी हे क्षेत्र.

नमुन्यांसाठी लांब जायला नको. मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. वॉन्लेसांच्या काळापासून मिरजेत कर्नाटकातूनही पेशंट येतात, आसपास पोल्ट्री आणि गोठे आहेतच. फक्त पेशंटच्या नमुन्यांना एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत सेमिस्टर संपतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तिने दूध किंवा सांडपाणीच घ्यावं.

त्याआधी सुट्टीत महिनाभर तिला एखाद्या पॅथॉलॉजी लॅबच्या कल्चर विभागात, जिथे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघतात, बसवा. पू-लघवीचे नमुने हाताळून ती कंटाळली नाही, तर गाईड कोण निवडायचा ते मला विचारा.