एकगठ्ठा रान जरूर करा, पण बाँडवर नको

प्रश्न (औसा तालुका): आम्ही दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ. सातबारे वेगळे, रान पाच ठिकाणी. दोन तुकडे वडिलांपासून अदलाबदलीने कसतो, बाकीचे आता बदलायचेत. एजंट म्हणतो बाँडवर लिहा. दुकानदार म्हणतो सपाटीकरणानंतर खताचा डोस दुप्पट करा. काय करावे?

उत्तर: एकगठ्ठा कराच. 33 फूट रुंद, 660 फूट लांब पट्टी म्हणजे 20 गुंठे. दोन्ही अंगांना तीन फुटी धुरा (बांध) असेल, तर तुमच्या वाट्याचा निम्मा धरूनही पावणेदोन गुंठे धुऱ्यातच जातात. त्यात पट्टी उताराच्या दिशेने असली की आडवी पेरणी जमत नाही आणि पहिल्याच मोठ्या पावसात माती ओढ्याला लागते.

एजंटाचे ऐकू नका. बाँडवरचा नोटरीचा शिक्का म्हणजे दस्तनोंदणी नव्हे. तोंडी आणि बाँडवरच्या अदलाबदली मी गावोगाव पाहिल्यात. करणारे असेपर्यंत सुरळीत चालते, पुढे वारस सातबारा घेऊन धुऱ्यावर उभे राहतात. पीककर्ज, विहिरीचे अनुदान सगळे सातबाऱ्यावर मिळते, बाँडवर नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडेच नोंदवा.

जुन्या दोन तुकड्यांना सलोखा योजना (एकमेकांच्या ताब्यातल्या जमिनींच्या अदलाबदल दस्ताला शासनाची सवलत) बसते: परस्परांचा ताबा किमान 12 वर्षे, तलाठ्याचा पंचनामा, मुद्रांक 1000 आणि नोंदणी 1000 रुपये. योजना मुदतीची आहे, आधी तलाठ्याला विचारा. नव्या अदलाबदलीला ही सवलत नाही. जिरायत 20, बागायत 10 गुंठ्यांखालचा तुकडा पाडू नका. मदतमाश (जुनी इनामी) किंवा वर्ग 2 (परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) जमीन असेल तर परवानगीआधी कागदाला हात लावू नका. बँकेचा बोजाही आधी मिटवा.

मोजणी तूर-हरभरा निघाल्यावर, उन्हाळ्यात करून घ्या. मृगाच्या तोंडावर धुरे मोडायला काढू नका. पेरणी हुकते आणि भांडण उभे राहते.

जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, तो खोलच खणणार. फक्त धुरा मोडा, उंचवटे काढा. वरची काळी माती मुरमाखाली गेली, तर ती खताच्या पिशवीने परत येत नाही. म्हणून सांगतो, दुप्पट डोस नको. आधी माती तपासा. सोयाबीनला एकरी एक पिशवी डीएपीने स्फुरदाची (फॉस्फरसची) गरज जवळपास भागते. दुसरी पिशवी दुकानदाराच्या फायद्याची. पुन्हा सांगतो, दुप्पट डोस नको.

त्या पैशात बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारे) यंत्र भाड्याने आणा. रान सलग झाले की उताराला आडवे रुंद वरंबे पाडा, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा. सोयाबीनचे एकरी 20 ते 22 किलो बियाणे पुरते. उघडिपीत सरीतला ओलावा पीक धरून ठेवतो, जास्तीचे पाणी सरीनेच निघून जाते.

विहिरीतला हिस्सा, मोटारीची पाळी आणि गाडीवाट दस्तातच लिहा. भाऊ-भाऊ आहोत म्हणून हे तोंडी ठेवू नका.